शेजाऱ्याच्या बेसमेंटची तक्रार केली आणि नोटीस आमच्याच दाराला (ब्रॅम्प्टन)

बर्फातला_बाळ्या:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहायची वेळ आली नव्हती, आता आलीये. ब्रॅम्प्टनमधे (कॅनडात, टोरांटोच्या शेजारी) कोणी असेल (असणारच, अर्धं गाव इथेच आहे) तर प्लीज सल्ला द्या. लांबण लागेल, आधीच माफी मागतो.

२०१९ मधे आम्ही डिटॅच्ड घर घेतलं. बेसमेंट तयारच होतं, दोन बेडरूम, छोटं किचन, बाथरूम, बाजूने वेगळा दरवाजा. लिस्टिंगमधे त्याला 'इन-लॉ सूट' असं गोड नाव दिलेलं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की बेसमेंटच्या रेट्रोफिट स्टेटसची हमी विकणारा देत नाही. एजंटला विचारलं हे काय प्रकरण, तर म्हणाला सर हे सगळ्याच लिस्टिंगमधे असतं. बरं म्हणलं. मॉर्गेजचा आकडा बघून आधीच पोटात गोळा आला होता, त्यामुळे खाली भाडेकरू ठेवायचे हे घर घ्यायच्या आधीच ठरलेलं. सध्या दोन मराठी पोरं आहेत, एक नाशिकचा, एक साताऱ्याचा, एकदम गुणी. बर्फ पडला की मी बूट घालेपर्यंत निम्मा ड्राइव्हवे यांचा साफ करून झालेला असतो. गणपतीत मोदकही वळायला येतात (साताऱ्याचा वळतो, नाशिकचा नुसता खातो).

आता शेजारी. दोन वर्षांपूर्वी बाजूचं घर विकलं गेलं, नवीन काका आले, माणूस तसा वाईट नाही, पहिल्या दिवशी मिठाईचा बॉक्स घेऊन आले होते. पण त्यांच्या बेसमेंटमधे किमान नऊ पोरं आहेत, कधी दहा, मोजायचं बायकोने सोडून दिलंय. ड्राइव्हवेवर चार गाड्या, त्यातली एक पांढरी सिविक अशी लावतात की तिचं नाक आमच्या हद्दीत. मागच्या उन्हाळ्यात काकांनी लॉन उखडून काँक्रीट ओतलं, ड्राइव्हवे थेट आमच्या कडेपर्यंत. तेव्हापासून पाऊस झाला की सगळं पाणी आमच्या भिंतीशी. कचऱ्याचा कार्ट पंधरा दिवसांतून एकदा उचलतात आणि दहा माणसांचा कचरा त्यात मावणार कसा, झाकण कायम आ वासून, मग रात्री रॅकून येतात आणि सकाळी चिकनची हाडं आमच्या पायरीवर. सांगून बघितलं. काका म्हणाले हां हां बोलता हूं लडकों को. झालं, संपला विषय.

शेवटी फेब्रुवारीत एक दिवस सिविकमुळे बायकोला गाडी काढता येईना, मुलीला शाळेत उशीर, बायको रडकुंडीला, आणि मी त्या तिरमिरीत ३११ ला (सिटीची तक्रारीची लाईन) फोन लावला. पार्किंग, कचरा, बेसमेंट, सगळं सांगून टाकलं. सिटीचा माणूस दोनदा येऊन गेला, तिकडे दारच उघडलं नाही. आणि तिसऱ्या आठवड्यात तो आमची बेल वाजवतोय! तुमच्याही पत्त्यावर तक्रार आहे, तुमचं दुसरं युनिट, म्हणजे बेसमेंट, रजिस्टर्ड दिसत नाही. मी ऑफिसला होतो, बायको गांगरली, तिने नंतर या म्हणून सांगितलं, तर दाराला नोटीस चिकटवून गेला, अमुक दिवसात संपर्क करा.

आता मला सांगा, आमची केस वेगळी आहे ना? दोनच पोरं आहेत, कोणाला त्रास नाही. एक मित्र म्हणतो स्टोव्ह काढून टाक आणि फॅमिली राहते म्हणून सांग. दुसरा म्हणतो पोरांना महिनाअखेर जायला सांग. लीगल करून घेणं हा तिसरा मार्ग, पण घर उभं चिरायला लागतं असं ऐकलंय. आणि तक्रार काकांनीच केली असणार, दुसरं कोण करणार. काय करू?

---

उगाच_टिवल्या:

आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून 😄

सॉरी, राहवलं नाही. मदत करणारे येतीलच मागून.

---

मिसिसागाची_मावशी:

टिवल्या, गप रे.

बाळ्या, आम्ही मिसिसागात या सगळ्यातून गेलोय म्हणून सविस्तर लिहिते. आधी एक गोष्ट डोक्यातून काढ की आमची केस वेगळी आहे. रजिस्टर नसलेलं दुसरं युनिट म्हणजे रजिस्टर नसलेलं दुसरं युनिट, आत दोन गुणी पोरं असोत की दहा उनाड. मोदक वळतात असा कॉलम नाहीये फॉर्ममधे.

आता ते 'रेट्रोफिट' काय असतं ते ऐक, कारण एजंट लोक हे कधीच नीट सांगत नाहीत. ओंटारिओत, म्हणजे आपल्या प्रांतात, हा खेळ तीस वर्षं चाललाय. १९९४ मधे तेव्हाच्या एनडीपी पक्षाच्या सरकारने कायदा करून बेसमेंट अपार्टमेंटला सगळीकडे परवानगी दिली. वर्षभरात सरकार बदललं, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे हॅरिस मुख्यमंत्री म्हणून आले आणि त्यांनी ते फिरवलं. मग नियम असा झाला की १६ नोव्हेंबर १९९५ च्या आधीपासून जी युनिट आहेत ती चालतील, पण फायर कोडमधे दोन युनिटच्या घरांसाठी जे रेट्रोफिटचं कलम आहे ते पाळलेलं पाहिजे. म्हणून जुन्या लिस्टिंगमधे तो शब्द आला आणि मग चिकटूनच बसला. तुझं घर दोन हजारनंतरचं असेल तर त्या तारखेचा तुला काडीचा उपयोग नाही. त्या ओळीचा सरळ अर्थ एवढाच की बाबा रे, खाली जे काय आहे ते आम्ही परवानगी न घेता केलंय, पुढचं तू बघ.

पुढे २०११ मधे प्रांताने सगळ्या सिटींना सांगितलं की दुसऱ्या युनिटला परवानगी देणारे नियम करा, आणि ब्रॅम्प्टनने २०१५ मधे रजिस्ट्रेशन सुरू केलं. २०२२ च्या शेवटी बिल २३ नावाचा प्रांताचा कायदा आला, तेव्हापासून गावठाणात, म्हणजे जिथे पाणी आणि ड्रेनेजची लाईन आहे तिथे, एका प्लॉटवर तीन युनिटपर्यंत झोनिंग बदलायची गरजच नाही. त्यामुळे शेजाऱ्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर ते जे चालतं ना, आमचा एरिया सिंगल फॅमिली आहे, इथे भाडेकरू नकोत, त्याला आता कायद्यात जागा नाही. झोनिंगचं भांडण प्रांताने वरून मिटवून टाकलंय. उरलं काय, तर बिल्डिंग परमिट, फायर, इलेक्ट्रिकल आणि सिटीत नोंद. ते तुझ्याकडे नाही आणि काकांकडेही नाही असं दिसतंय.

आता मित्रांचे सल्ले. स्टोव्ह काढून फॅमिली सांगणं: हा मूर्खपणा करू नकोस. एक तर तू सरकारी माणसाशी खोटं बोलणार, दुसरं म्हणजे त्याने काही फरकच पडत नाही. इथल्या प्लॅनिंग ॲक्टमधेच आहे की राहणारी माणसं एकमेकांची नातेवाईक आहेत की नाहीत यावरून सिटीला झोनिंगचा भेद करता येत नाही. भाचा असो की परका, खोली तीच, धूर तोच.

महिनाअखेर जा सांगणं: तेही नाही चालत. युनिट बेकायदा असलं तरी भाडेकरू बेकायदा होत नाही. रेसिडेन्शियल टेनन्सीज ॲक्ट, २००६ त्यांना पूर्ण लागू आहे. घरच्यांसाठी खरंच जागा हवी असेल तर एन-१२ नावाचा फॉर्म, साठ दिवसांची नोटीस आणि एक महिन्याचं भाडं भरपाई. मोठं काम काढणार असशील आणि त्यासाठी जागा रिकामी लागणार असेल तर एन-१३, त्याला एकशे वीस दिवस, आणि काम झाल्यावर त्याच भाड्यात परत यायचा पहिला हक्क त्यांचा. तोंडी सांगून काढलंस आणि त्यातल्या एकाने बोर्डाकडे (घरमालक-भाडेकरूंचे तंटे सोडवणारं) अर्ज केला तर महागात पडेल.

इन्शुरन्सवाल्याला सांगितलंयस का खाली भाडेकरू आहेत म्हणून? नसशील तर नोटीसपेक्षा मला त्याची काळजी जास्त वाटते. आणि भाडं टॅक्स रिटर्नमधे दाखवतोस ना. नाही, उत्तर इथे नको देऊस, विचारून ठेवलं फक्त.

---

बर्फातला_बाळ्या:

मावशी, खूप धन्यवाद, हे एवढं कोणीच सांगितलं नव्हतं. रिटर्नमधे दाखवतो. इन्शुरन्सला... बायको म्हणते सांगितलंय, मी म्हणतो नाही, उद्या पॉलिसी काढून बघतो.

टिवल्या, पटलं रे, पण तू माझ्या जागी असतास तर रॅकूनशी बोलला असतास का.

एक कळत नाहीये, काकांच्या दारात सिटीचा माणूस दोनदा उभा राहिला आणि दार न उघडता त्यांचं काम झालं, आम्ही सभ्यपणे बोललो तर नोटीस. हा कुठला न्याय?

---

हातोडा_आणि_फूटपट्टी:

मी ड्राफ्टिंग करतो, दुसऱ्या युनिटचे परमिट ड्रॉइंग हेच पोटापाण्याचं काम, त्यामुळे जे रोज बघतो ते लिहितो.

राहत्या घरात शिरायला सिटीच्या झोनिंगवाल्या माणसाला एकतर राहणाऱ्याची संमती लागते नाहीतर वॉरंट. काकांचं काही मिटलेलं नाही, फाईल उघडी आहे, एवढंच. आणि संमती मालकाचीच लागते असं नाही, खाली राहणाऱ्या पोराने दार उघडून या म्हणलं तरी चालतं. त्यामुळे दार बंद ठेवणं ही काही स्ट्रॅटेजी नाही, आणि फायरवाले आले तर विषयच वेगळा. फायर कोड मोडल्याचा दंड व्यक्तीला पहिल्या वेळी पन्नास हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो आणि कैदेचीही तरतूद आहे. रोज कोणाला होतो असं नाही, पण पुस्तकात आहे.

घर उभं चिरायला लागतं हे अर्धं खरं. किती चिरायचं ते तुझं बेसमेंट आधी कसं केलंय त्यावर. आज रात्री टेप घेऊन खाली जा. जमिनीपासून सिलिंगपर्यंत एक मीटर पंच्याण्णव, म्हणजे साधारण सहा फूट पाच इंच मिळायला पाहिजे. बीम आणि डक्टखाली एक मीटर पंच्याऐंशी चालतं. हे नसेल तर मात्र विषय अवघड, फरशी खोदून खाली जावं लागतं आणि त्या खर्चात नाशिकला फ्लॅटचं डाऊन पेमेंट होईल.

मग खिडकी. बेडरूमची खिडकी आतून कुठल्याही हत्याराशिवाय उघडली पाहिजे आणि उघडल्यावर माणूस बाहेर पडेल एवढी मोकळी जागा पाहिजे, पॉइंट पस्तीस चौरस मीटर, आणि कुठलीच बाजू पंधरा इंचांच्या आत नको. खिडकी जमिनीखाली असेल तर बाहेर जो खड्डा असतो, वेल म्हणतात त्याला, त्यात खिडकीसमोर बावीस इंच तरी मोकळे पाहिजेत. लोक काय करतात, काचेचं माप घेतात. काचेचं नाही घ्यायचं, उघडल्यावर जी पोकळी राहते तिचं घ्यायचं. बिल्डरने लावलेली सरकती खिडकी असेल तर निम्मीच उघडते, तिथेच नापास.

दरवाज्याकडे जाणारी बाजूची वाट बघ, चार फुटांच्या आसपास मोकळी लागते, आणि निम्म्या घरांत नेमका तिथेच एसी बसवलेला असतो. काकांनी काँक्रीट ओतलंय म्हणतोस, ते त्या वाटेसाठी नसणार, गाड्यांसाठी असणार. ड्राइव्हवे रुंद करायला ब्रॅम्प्टनमधे वेगळी परवानगी लागते आणि प्लॉटच्या कडेला हिरवी पट्टी सोडावी लागते, त्यामुळे तुझ्या भिंतीशी येणाऱ्या पाण्याची तक्रार खरी आहे, ती स्वतंत्रपणे कर, बेसमेंटशी गाठ मारू नकोस.

आता एक प्रश्न. खाली पोरांनी काही फोडणी-बिडणी दिली तर वर वास येतो का?

---

बर्फातला_बाळ्या:

येतो की! रात्री बारा वाजता मॅगी केली तरी आमच्या बेडरूममधे कळतं, मसाला कुठला टाकला ते पण कळतं. का?

---

हातोडा_आणि_फूटपट्टी:

कारण मॅगीचा वास ज्या वाटेने येतो त्याच वाटेने धूर येणार. फर्नेस एकच आहे, डक्ट एकच आहे, आणि खालची हवा वर, वरची खाली. म्हणून डक्टमधे स्मोक डिटेक्टर बसवायला लागतो, धूर लागला की तो फर्नेसच बंद करतो. शिवाय वर-खाली सगळे स्मोक अलार्म एकमेकांना जोडलेले पाहिजेत, म्हणजे पोरांच्या किचनमधे वाजला की तुमच्या मुलीच्या खोलीतही वाजला पाहिजे. आत्ता बहुतेक तुमच्याकडे असं आहे की खाली आग लागली तर खालचा वाजेल, आणि वर तुम्ही एसीच्या आवाजात झोपलेले.

दोन युनिटच्या मधे आगीला अर्धा तास अडवणारी भिंत आणि सिलिंग हा मूळ नियम. जुन्या घरात अलार्म सगळे जोडलेले असतील तर त्यात सवलत मिळते, आहे त्या ड्रायवॉलवर भागू शकतं, पण त्यात भोकं नकोत. आणि भोकं असतातच, पॉटलाईट लावायच्या नादात सिलिंगची चाळणी केलेली असते. वर जायच्या जिन्याचं दार आगीला टिकणारं आणि आपोआप बंद होणारं पाहिजे. वायरिंगला ईएसएचं (प्रांताची वीज-सुरक्षा संस्था) इन्स्पेक्शन. पैशांचा आकडा मी देणार नाही. घर न बघता आकडा सांगणारा माणूस एकतर देव असतो नाहीतर ॲडव्हान्स घेऊन पळणारा.

---

तळघरातून_नमस्ते:

मी स्टुडंट होतो, आता वर्क परमिटवर आहे. तुम्ही सगळे मालकांच्या बाजूने बोलताय म्हणून खालच्या बाजूने लिहितो.

पहिल्या वर्षी मी अशाच एका बेसमेंटमधे होतो, पत्ता सांगत नाही. सात जण. दोन बेडरूम आणि हॉलमधे पडदे लावून तीन गाद्या. मी पडद्यातला. भाडं कॅश, पावती नाही. माझ्या गादीच्या बाजूला भिंतीत वर एक फूटभर उंचीची खिडकी, तिच्यापुढे मालकाने जुनं कपाट लावलेलं कारण थंडी यायची. बाहेर पडायला एकच रस्ता, किचनमधून, आणि जिन्याच्या बरोबर बाजूला स्टोव्ह. तेव्हा डोक्यात आलंच नाही, तेव्हा डोक्यात फक्त फी, जॉब आणि बसचा टाईम. एका रात्री एकाने पापड तळायला तेल ठेवलं आणि फोनवर बोलत बाहेर गेला, त्याला घरचा फोन आलेला. मी धुराने उठलो. अलार्म वाजलाच नाही, त्यातली बॅटरी आमच्यातल्याच कोणीतरी काढून कॅल्क्युलेटरला... नाही कॅल्क्युलेटरला नाही, टीव्हीच्या रिमोटला लावली होती. स्टोव्हवर ज्वाळा जिन्याच्या दारापर्यंत, आणि आम्ही सहा जण आतल्या बाजूला. एकाने ओला टॉवेल टाकला (टाकू नये म्हणतात, पण त्याचा पिळून घट्ट होता आणि नशीब चांगलं), विझलं. त्यानंतर मी कपाट हलवून खिडकी उघडून बघितली, डोकं बाहेर जात होतं, खांदे जात नव्हते.

सिटीचे लोक आले होते एकदा. मालकाने आधीच सांगून ठेवलेलं की आम्ही सगळे त्याचे भाचे-पुतणे. सात पुतणे, त्यात एक केरळचा. मी पण मान हलवली. कारण सिटीने बंद केलं तर मालक दंड भरेल, आम्ही जानेवारीत बॅगा घेऊन कुठे जाणार? हा प्रश्न वरच्या मजल्यावर कोणाला पडत नाही.

दादा, काकांकडच्या पोरांची पण तक्रार करा, पार्किंगची करा, कचऱ्याची करा. पण एकदा त्यांच्यातल्या एकाला विचारा की तुझ्या खोलीला खिडकी आहे का.

---

मिसिसागाची_मावशी:

वाचून पोटात कालवलं रे. आता कुठे आहेस? नीट आहेस ना?

---

तळघरातून_नमस्ते:

हो मावशी, आता दोघांत एक बेडरूमचं कॉन्डो, नवव्या मजल्यावर. २०२४ पासून स्टुडंट परमिट कमी केल्यावर भाडी उतरली, त्यामुळे जमलं. खिडकी एवढी मोठी आहे की पहिले दोन दिवस झोपच आली नाही.

---

क्वीन्सवाला:

न्यूयॉर्कहून. तुमच्याकडे प्रांताने वरून कायदा तरी केला, इकडे क्वीन्समधे अर्ध्या गल्ल्या अशा बेसमेंटवर उभ्या आहेत आणि वर्षानुवर्षं सगळे आंधळेपणाचं सोंग घेतात. इकडे अजून एक भानगड, बेसमेंट आणि सेलर वेगळं. निम्म्याहून जास्त उंची रस्त्याच्या वर असेल तर बेसमेंट, निम्म्याहून जास्त खाली असेल तर सेलर, आणि सेलर राहायला द्यायला वर्षानुवर्षं बंदीच होती. अर्थात तरी देत आलेतच.

१ सप्टेंबर २०२१, आयडा वादळाचा उरलेला पाऊस. सेंट्रल पार्कात एका तासात तीन इंचांपेक्षा जास्त पडला, तोवरचा रेकॉर्ड. त्या रात्री शहरात १३ माणसं गेली, त्यातली ११ बेसमेंटमधे, बहुतेक क्वीन्समधली. पाणी दारावर एवढं दाबतं की दार आत उघडत असेल तर धाडकन आत येतं, बाहेर उघडत असेल तर उघडतच नाही. माझ्या ओळखीचे एक गयानीज कुटुंब दोन ब्लॉकवर राहायचं, ते खिडकीतून निघाले, म्हणून आहेत. त्या आधी त्याच खिडकीवरून वरच्या मालकाचं आणि शेजारणीचं भांडण चालू होतं, खिडकीचा खड्डा तिच्या फुलझाडांच्या वाफ्यात येतो म्हणून.

इकडे लोक तक्रार करायला घाबरतात कारण तक्रार केली की येतो तो व्हेकेट ऑर्डर, म्हणजे त्याच दिवशी माणसं रस्त्यावर. म्हणून तळघरवाल्या पोराचं मला शंभर टक्के पटलं.

---

उगाच_टिवल्या:

मी मस्करी केली आणि धागा कुठच्या कुठे गेला. बाळ्या, भिऊ नकोस, नोटिशीवरच्या नंबरला फोन करून सांग परमिट काढतोय म्हणून. माझ्या मेव्हण्याने तेच केलं, सिटीच्या माणसाने उलट चांगलं सांगितलं कुठला फॉर्म आधी भरायचा ते. आणि तुमचा वॉर्ड बघ, जानेवारी २०२४ पासून १, ३, ४, ५ आणि ७ मधे भाड्याच्या घरांना लायसन्सचं वेगळं प्रकरण सुरू केलंय. मालकांनी मोर्चे काढले म्हणून मधे थांबवलं होतं, मग परत आणलं. ते युनिटच्या रजिस्ट्रेशनपेक्षा वेगळं आहे, दोन्ही एकच समजून लोक गंडतात.

रात्री रस्त्यावर गाडी तर लावत नाही ना कोणी? दोन ते सहा बंदी आहे, सिविक रस्त्यावर गेली तरी तिकीट खाणार, म्हणून ती तुझ्या अंगावर येते. काकांची पोरं पण कात्रीत आहेत तशी.

---

बर्फातला_बाळ्या:

तीन आठवड्यांनी अपडेट.

इन्शुरन्स: बायको चूक, मी बरोबर, आणि आयुष्यात पहिल्यांदा बरोबर असल्याचं वाईट वाटलं. कळवलंय, प्रीमियम वाढला, वाढू दे.

सिटीला फोन केला, परमिटसाठी मुदत मिळाली. हातोडा यांनी सांगितलं तसं टेप घेऊन खाली गेलो. नाशिकच्या पोराने टेपचं टोक धरलं. सिलिंग सहा फूट नऊ, पास. डक्टखाली सहा फूट दोन, तेही पास. मोठ्या बेडरूमची खिडकी पास. छोट्या बेडरूमची खिडकी उघडल्यावर उंची साडेतेरा इंच. साताऱ्याचा त्याच खोलीत झोपतो, दीड वर्ष. त्याला म्हणलं जरा बाहेर पडून दाखव बघू, गंमत म्हणून. कमरेपर्यंत गेला आणि अडकला, आम्ही दोघांनी पाय धरून आत ओढला. तो हसत होता. मला नाही हसू आलं. त्याच रात्रीपासून तो वरच्या गेस्ट रूममधे आहे, खिडकी मोठी होईपर्यंत राहील, सासूबाई मे मधे येणार आहेत त्याचं काय करायचं ते तेव्हा बघू.

स्मोक अलार्मही तपासले. खालचा वाजवला, वर बायकोला विचारलं ऐकू आला का. ती म्हणाली काय ऐकू आला का?

काकांकडे गेलो होतो. बोलायचं काय ते ठरवून गेलो आणि दारात सगळं विसरलो. तक्रार तुम्ही केलीत का असं विचारलंच नाही, कारण ते पण मला विचारतील. पाण्याचं बोललो, म्हणाले पावसाळा संपल्यावर पट्टी काढतो. इथे कुठला पावसाळा, पण असो. निघताना म्हणालो खिडक्या मोजून घ्या, मी ड्रॉइंगवाल्याचा नंबर देतो. त्यांनी नंबर घेतला. फोन करतील की नाही माहीत नाही. सिविक अजून तिथेच आहे, नाक थोडं मागे गेलंय, हात-दीड हात.

हातोडा, एक विचारायचं होतं: खिडकी मोठी केली की बाहेरचा वेल पण खोल होणार, आणि काकांच्या काँक्रीटचं पाणी नेमकं त्याच बाजूला येतं. वेल भरला तर?

---

हातोडा_आणि_फूटपट्टी:

भरणारच. वेलच्या तळाला गिट्टी आणि तिथून पाईप थेट घराच्या वीपिंग टाईलला (पायाभोवतीचं पाणी वाहून नेणारा जमिनीखालचा पाईप) जोडायचा, ड्रॉइंगमधे दाखवावंच लागतं. नुसता खड्डा खणून वर प्लॅस्टिकचं झाकण ठेवणारा कॉन्ट्रॅक्टर आला तर चहा पाजून परत पाठव. आणि झाकण ठेवलंसच तर आतून एका हाताने उचललं जाईल असं ठेव, साताऱ्याच्याला पुन्हा आत बसवून ट्राय कर.